कुपीतला रिसेप्टर घेण्याआधी तो कुठे कापलाय ते पाहा

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा केला. जिवंत विषाणू वाढवायला बीएसएल-3 (घातक जंतूंसाठी कडक सुरक्षेची) प्रयोगशाळा लागते आणि ती शहरात मोजक्याच ठिकाणी आहे. पण विषाणू आपल्या पेशीवरच्या ज्या एसीई2 रिसेप्टरला (विषाणूला चिकटायला जागा देणाऱ्या प्रथिनाला) धरतो, तो रिसेप्टर आणि विषाणूच्या काट्याचा (पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनाचा) तुकडा, ही दोन प्रथिने स्वतंत्रपणे बनवली की त्यांची पकड साध्या प्रयोगशाळेतही मोजता येते. अडचण रिसेप्टर बनवण्यात आहे.

एसीई2 मध्ये 805 अमिनो आम्ले असतात. पहिली 17 म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा संकेत, 740 पर्यंतचा भाग पेशीबाहेर, आणि पुढचा तेलकट तुकडा पेशीच्या पटलात रुतलेला. तो तसाच ठेवला तर पाण्यात गुठळ्या होतात, म्हणून जनुक त्या तुकड्याच्या आधीच कापतात. 615 वर कापलेले प्रथिन एकेकटे राहते. 740 पर्यंतच्या प्रथिनात मानेचा भाग शाबूत असल्याने दोन रेणू जुळू शकतात. ही दोन्ही प्रथिने बाजारात ‘एसीई2’ याच नावाने मिळतात.

ई. कोलाय जिवाणू स्वस्त पडतो, पण तो मानवी पद्धतीच्या शर्करा जोडत नाही आणि असे मोठे प्रथिन बहुधा चुकीची घडी पडून साठते. म्हणून मानवी एचईके293 पेशी वापरतात. पुण्यातल्या गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून देशभर पेशी पुरवल्या जातात.

द्रवात तरंगत वाढणाऱ्या पेशी मिलीलीटरला 20 लाखांच्या आसपास आल्या की दर मिलीलीटरला कापलेल्या जनुकाचा 1 मायक्रोग्रॅम डीएनए आणि तो पेशीत नेणारे रसायन, पीईआय, 3 मायक्रोग्रॅम द्यायचे. आधी दोन्ही 10-15 मिनिटे एकत्र ठेवायचे. जास्त वेळ ठेवल्यास कण फुगतात आणि पेशींत नीट शिरत नाहीत. मग 37 अंश, 8 टक्के कार्बन डायऑक्साइड, सतत हलवणे. चौथ्या ते सहाव्या दिवशी द्रव काढतात. लोभाने आणखी थांबू नये, मेलेल्या पेशींतली विकरे प्रथिन कुरतडतात.

प्रथिनाला सहा हिस्टिडिनांची (एका अमिनो आम्लाची) शेपटी असेल तर ते निकेलच्या स्तंभाला चिकटते. निकेलवरची शेपटीची जागा घेणाऱ्या इमिडॅझोलच्या 20 मिलिमोलर द्रावणाने धुवायचे, 250 ने सोडवायचे. निळा-हिरवा स्तंभ पांढरा पडला तर पेशींच्या द्रवातल्या ईडीटीएने (धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाने) निकेल ओढून नेले असे समजावे. सगळा माल वाहून गेलेल्या द्रवात सापडेल, तो टाकू नये. 740 च्या प्रथिनाचा पट्टा जेलवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) हिशेबाच्या 85 किलोडाल्टनऐवजी 110 च्या वर दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही, तो शर्करांचा भार आहे.

एफसी (प्रतिपिंडाचा बुंध्याकडचा भाग) शेपटी म्हणून जोडलेला प्रकार शुद्धीकरणाला सोपा, पण फसवा. दोन एफसी एकमेकांना जोडले जातात, रिसेप्टरचे दोन हात होतात, आणि काट्याचे तुकडे पृष्ठभागावर दाट बसवलेले असतील तर पकड प्रत्यक्षापेक्षा घट्ट भासते. खरा आकडा हवा असेल तर एफसीवाला रिसेप्टर पकड मोजणाऱ्या यंत्राच्या चिपवर बसवावा आणि काट्याचा एकेकटा तुकडा वरून वाहू द्यावा.

विकत आणलेल्या प्रथिनाच्या भुकटीची कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, नाहीतर अर्धी भुकटी झाकणालाच राहते. विरघळवताना जोरात हलवू नये. एकेका प्रयोगापुरते भाग करून उणे 80 अंशांवर ठेवावे. प्रथिनाला बायोटिन (खूणचिठ्ठीसारखा छोटा रेणू) जोडायचे असेल तर अल्ब्युमिन (टिकाऊपणासाठी मिसळलेले दुसरे प्रथिन) घातलेली कुपी मागवू नये. बायोटिन बहुतेक त्या अल्ब्युमिनलाच जाऊन बसते.