स्वतंत्र संगीत लेबल : समकालीन अभिजात व प्रायोगिक संगीत

हयात संगीतकारांच्या नव्या रचना आणि रूढ चौकटीबाहेरचे ध्वनिप्रयोग निवडून, मुद्रित करून प्रसिद्ध करणारी आणि मोठ्या कंपन्यांच्या मालकीबाहेर चालणारी छोटी प्रकाशनसंस्था. पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेले नवे वाद्यसंगीत, इलेक्ट्रॉनिक रचना, मुक्त उत्स्फूर्त वादन आणि परिसरध्वनींवर बांधलेल्या कलाकृती हे तिचे मुख्य क्षेत्र. एकेका ध्वनिमुद्रिकेच्या प्रती थोड्याच खपतात. त्यामुळे अशा लेबलची पत खपावरून नव्हे, तर निवडीवरून आणि कॅटलॉग (आजवरची सर्व प्रकाशने) किती जपला आहे त्यावरून ठरते.

म्युनिकमध्ये १९६९ साली सुरू झालेले ईसीएम हे यातले सर्वांत परिचित नाव. १९८४ मध्ये त्याने लिखित रचनांसाठी ‘न्यू सीरीज’ ही वेगळी मालिका काढली आणि तिची सुरुवात एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्त यांच्या रचनांनी केली. न्यूयॉर्कचे त्झादिक (१९९५), व्हिएन्नाचे कैरोस (१९९९) आणि इंग्लंडमधील अनदर टिंबर (२००७) ही त्याच वाटेवरची पुढची लेबले. लेबल नसले की काय होते, याचे भारतातले उदाहरण बोलके आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे १९७२ पर्यंत झालेल्या ध्वनिमुद्रणांचा निवडक संग्रह रसिकांपर्यंत पोचला तो थेट २०२३ मध्ये, लंडनच्या एका स्वतंत्र संस्थेमुळे.

ठाणे किंवा नवी मुंबईत असे लेबल फ्लॅटमधल्या एका खोलीतून चालवता येते. सुरुवातीला एकल मालकी पुरते. नावाचे ट्रेडमार्क मात्र लवकर घ्यावे. ध्वनिमुद्रणांसाठी वर्ग ९ व मनोरंजन-सेवेसाठी वर्ग ४१ लागतो आणि एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडते.

करार : बहुतेक भांडणे इथेच उपजतात, कारण पहिली दोन-तीन प्रकाशने ओळखीपाळखीत, तोंडी बोलीवर होतात. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला यांचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी श्रोत्यांवर अवलंबून असलेल्या लेबलला ही दुसरी चूक फार महाग पडते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तसे कलम करारात घातले तरी ते टिकत नाही. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. एवढी मुदत लेबलने स्वतःकडे मागू नये. ५ ते ७ वर्षांचा परवाना आणि खर्च वजा जाता निम्मे-निम्मे, ही छोट्या लेबलांची रीत कलावंतालाही झेपते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रताधिकारधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष मुद्रिकेवर व वेष्टनावर छापणे कलम ५२अ नुसार बंधनकारक आहे.

ध्वनिमुद्रण : या भागात अडचण जागेची असते. ठाण्याचे गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह ही सभागृहे मुख्यतः नाटकासाठी आहेत. संवाद शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचावा म्हणून नाट्यगृहात घुमारा कमी ठेवतात. बोलण्याला सुमारे १ सेकंदाचा अनुरणनकाल (घुमारा विरायला लागणारा वेळ) पुरतो, पण तंतुवाद्यांच्या चौकडीला साधारण दीड सेकंद हवा. कोरड्या सभागृहातले व्हायोलिन चिमटल्यासारखे ऐकू येते. घुमारा नंतर संगणकावर चढवता येतो हे खरे, पण वादक खोलीला प्रतिसाद देत वाजवत असतो. कोरड्या जागेत तो नकळत लय वाढवतो, दीर्घ स्वर लवकर सोडतो, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. म्हणून उंच छताचे जुने चर्च किंवा शाळेचे रिकामे सभागृह मिळवण्यात घालवलेला वेळ महागड्या मायक्रोफोनपेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

एकल वा युगल वादनासाठी ओआरटीएफ मांडणी पुरते : समोरचा आवाज जास्त टिपणारे दोन कार्डिऑइड मायक्रोफोन, अंतर १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश. मोठ्या संचासाठी डेक्का ट्री ही तीन मायक्रोफोनची मांडणी लावतात. त्यात डावा व उजवा मायक्रोफोन सुमारे २ मीटर अंतरावर, मधला त्यांच्या दीडेक मीटर पुढे आणि तिन्ही जमिनीपासून तीनेक मीटर उंच असतात. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करून सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी (शून्य ही कमाल मर्यादा). कारण नव्या रचनांत एखादा फटका तालमीपेक्षा फार मोठा लागतो. एसी, पंखे, बाहेरचा वॉटर कूलर सगळे बंद करून हेडफोनवर पाच मिनिटे नुसती शांतता ऐकावी. ५० हर्ट्झची गुणगुण आलीच तर सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत, लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. रुळांजवळच्या जागेत रात्री एक ते चार ही वेळ त्यातल्या त्यात बरी. लोकल थांबलेल्या असतात, पण मालगाडी धडधडत जाऊ शकते. प्रत्येक जागेची रिकामी शांतताही मिनिटभर मुद्रित करून ठेवावी. संकलनात विराम सांधताना डिजिटल शून्य घातले की खोली अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटते. शांत रचनांत तर ते लगेच कानाला खटकते. तीन तासांच्या सत्रात दहा-बारा मिनिटे पक्के संगीत हाती आले, तर काम नीट चालले आहे असे समजावे.

हंगामही पाहावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेने पियानोचा ध्वनिफलक फुगतो आणि सूर चढतो. सकाळी लावलेला पियानो संध्याकाळी तसाच राहील याची खात्री नसते. गणेशोत्सवाआधी ढोल-ताशांच्या तालमी, नंतर नवरात्र, मग लग्नसराई. येऊरच्या जंगलात परिसरध्वनी टिपायचे असतील तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

मास्टरिंग (प्रकाशनासाठी अंतिम प्रत तयार करणे) : स्पॉटिफाय गाण्यांची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसजवळ (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणते. तेवढ्यासाठी शांत रचना दाबून मोठी करणे म्हणजे तिचा जीवच काढून घेणे. अशा संगीताची सरासरी उणे २० ते २३ असली तरी चालते, कमाल शिखर उणे १ डेसिबलखाली ठेवले म्हणजे झाले. रचनेच्या खंडांमधला (मूव्हमेंट्समधला) विराम हा रचनेचाच भाग असल्याने तो मास्टरमध्येच मोजून बसवतात.

माध्यम : मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीने ख्यालाला तीन-साडेतीन मिनिटांत बसवले. तसा दाब आजही आहे. बारा इंची लाँगप्लेच्या एका बाजूला १८ ते २२ मिनिटे चांगली बसतात; त्यापुढे खाचा अरुंद होऊन आवाज क्षीण होतो आणि सळसळ वाढते. शिवाय बाजूचा शेवट केंद्राजवळ असल्याने तिथे विकृती जास्त. ज्या रचनेचा कळस अखेरीस आहे तिला हे सर्वांत जाचते. ४० मिनिटांची अखंड रचना सीडीवर (७४ ते ८० मिनिटे) किंवा फाइलरूपातच द्यावी, मधेच कापून तबकडीवर घालू नये. २०२४ पासून मुंबई परिसरात तबकड्या छापण्याची सोय पुन्हा झाली आहे, तरी आधी चाचणी-तबकडी मागवून ती दोन वेगवेगळ्या प्लेअरवर ऐकल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. उन्हात तापलेल्या टेम्पोत तासभर आडव्या राहिल्या तरी वाकतात.

माहितीची नोंद : प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक (त्या मुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो. संगीतकार, रचनेचे पूर्ण नाव, खंडाचा (मूव्हमेंटचा) क्रमांक, वादक आणि वाद्य हे वेगवेगळ्या रकान्यांत भरावे लागतात. स्ट्रीमिंग सेवांवर ट्रॅक चढवणाऱ्या वितरकाचे अर्ज चित्रपटगीतांच्या धाटणीचे असल्याने संगीतकाराच्या जागी वादकाचे नाव जाते, आणि मग ती रचना शोधूनही सापडत नाही. स्ट्रीमिंगवर पैसे प्रत्येक ट्रॅकच्या वादनामागे मिळतात, म्हणून ४० मिनिटांच्या एका ट्रॅकला दोन मिनिटांच्या गाण्याइतकेच मोल. त्यातही स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षाला किमान १,००० वादने झाल्याशिवाय ट्रॅकची रॉयल्टी सुरूच होत नाही. या संगीताची खरी मिळकत थेट विक्रीतून येते. बँडकॅम्प हे थेट विक्रीचे संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर १५ आणि वस्तूंवर १० टक्के घेते.

मूळ फाइलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. तळमजल्यावरच्या गाळ्यात हार्ड डिस्क किंवा टेप ठेवू नये. टेपवर बुरशी चढते आणि पाणी शिरले तर काहीच उरत नाही. वार्षिक वर्गणी थकली की काही वितरक ट्रॅक काढून टाकतात. म्हणून लेबल बंद पडल्यास मूळ फाइली, आयएसआरसी यादी आणि मुखपृष्ठाच्या छपाईच्या फाइली कलावंताला किती दिवसांत द्यायच्या, हे कलम पहिल्याच करारात असावे.