दिवसा शाळा, संध्याकाळी गावाची

मतदान असो, लसीकरण असो की पुरातला निवारा, गावात उघडते ती शाळाच. तरीही हायस्कूलचा नकाशा काढताना फक्त मुलांची संख्या विचारली जाते. इंग्लंडच्या केंब्रिजशायरमध्ये शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९३०पासून शाळा आणि गावकऱ्यांचं केंद्र एकाच इमारतीत आणलं. त्यांतल्या इंपिंग्टनच्या इमारतीचे (१९३९) वास्तुरचनाकार होते वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय. वर्गांसाठी एक विंग, प्रौढांसाठी दुसरी आणि दोघांना कामी येणारा हॉल, अशी तिची मांडणी आहे.

अशा शाळेच्या नकाशावर सगळ्यात आधी कुलपाची रेषा आखावी, म्हणजे संध्याकाळी गावासाठी काय उघडं आणि काय बंद, ते ठरवावं. हॉल, वाचनालय आणि एक स्वच्छतागृह फाटकाजवळ. वर्ग, प्रयोगशाळा आणि मुलांची स्वच्छतागृहं चॅनल गेटच्या आत. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो स्वच्छतागृहाचा. ते वर्गांच्या व्हरांड्याच्या टोकाला असलं, की एका भजनासाठी अख्खी शाळा उघडी ठेवावी लागते. हॉलमधून बाहेर पडण्याची वाट मात्र या गेटमधून कधीही नेऊ नये. आग लागली आणि किल्ली शिपायाकडे असली, तर माणसं अडकतात. हॉलला समोरासमोरच्या भिंतींत, बाहेर उघडणारे दोन दरवाजे हवेतच.

खरी परीक्षा आवाजाची. समजा हॉल २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच आहे. म्हणजे १,२०० घनमीटर. हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांचं सूत्र सांगतं की आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. प्लॅस्टर, फरशी, स्लॅब मिळून ८०० चौरस मीटर पृष्ठभाग. तो जेमतेम तीन टक्के आवाज शोषतो, म्हणजे शोषण २४. रिकाम्या हॉलमध्ये आवाज आठ सेकंद घुमतो. प्रत्येक माणूस या शोषणात साधारण ०.४५ची भर घालतो. ग्रामसभेला ३०० जण आले की वेळ सव्वा सेकंदावर येते आणि सगळं नीट ऐकू येतं. पण सकाळी तिथेच ४० मुलांचा तास घेतला, तर साडेचार सेकंद! बाईंचा एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा त्यावर आदळतात. उद्घाटनाच्या गर्दीत हा दोष कळतच नाही.

उपाय छताला आहे. लाकडी तंतू आणि सिमेंटचे बोर्ड मागे थोडी पोकळी ठेवून २४० चौरस मीटरभर बसवले आणि त्यांनी साठ टक्के आवाज शोषला, तर रिकामा हॉलही सव्वा सेकंदाच्या आत येतो. चेंडू लागला तरी ते सहसा फुटत नाहीत. कोकणातल्या दमट हवेत साधं जिप्सम टाळलेलं बरं, ते लोंबतं. पातळ पडद्यांवरही भिस्त ठेवू नये. ते वरच्या पट्टीतला आवाज थोडाफार खातात, खालचा घुमारा तसाच राहतो.

खुर्च्यांची खोली नकाशातून हमखास गळते. ३०० प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दहा-दहाच्या तीस चळती, सरकवायला जागा धरून १५ चौरस मीटर लागतात. ती खोली नसली, की चळती नेमक्या बाहेर पडायच्या दरवाजाशी रचल्या जातात. हॉलचा वीज सबमीटरही वेगळा हवा. नाहीतर लग्नाच्या रोषणाईचं बिल शाळेच्या खात्यात येतं, वाद होतो आणि मुख्याध्यापक हॉलला कुलूप घालतात.