एरर की डिस्कार्ड?

नेटवर्कवर ‘पॅकेट ड्रॉप होतायत’, म्हणजे डेटाचे तुकडे हरवतायत, असं तक्रारीचं तिकीट आलं की अर्धे जण केबल बदलायला धावतात, उरलेले बँडविड्थ वाढवा म्हणतात. पॅकेट पुढे पाठवणाऱ्या स्विचचे काउंटर, म्हणजे प्रत्येक पोर्टवरच्या चुकांचे आकडे, कुणीच उघडलेले नसतात. सीआरसी एरर (तपासणीत नापास झालेले पॅकेट) वाढत असतील तर पॅकेट वाटेत खराब झालंय. आउटपुट डिस्कार्ड वाढत असतील तर पॅकेट धडधाकट होतं. बफर, म्हणजे पॅकेट रांगेत थांबवायची जागा, भरला म्हणून स्विचनेच ते टाकून दिलं.

डिस्कार्ड मोजले जातात बाहेर पडणाऱ्या पोर्टवर, आणि इथेच ग्राफ फसवतो. लिंकच्या वापराची पाच मिनिटांची सरासरी ३० टक्के दिसते, मग ड्रॉप कसा? हिशोब करा: १० जीबीपीएसचे (सेकंदाला १० गिगाबिट) दोन पोर्ट पूर्ण वेगाने १० जीबीपीएसच्या एकाच पोर्टकडे ओतायला लागले, तर १ एमबी बफर ०.८ मिलिसेकंदात भरतो. एका सर्व्हरने चाळीस जणांना प्रश्न विचारला आणि चाळिसांनी एकदम उत्तर दिलं की हेच होतं. पाच मिनिटांच्या सरासरीत त्याचा मागमूसही उरत नाही. इथे फायबर कितीही पुसा, उपयोग शून्य. ट्रॅफिक विभागा, ईसीएन (रांग वाढतेय, वेग कमी करा असा इशारा देणारी सोय) लावा, नाहीतर लिंक मोठी करा.

सीआरसी एररला लोडशी देणंघेणं नसतं; रात्री तीन वाजताही प्रत्येक लाख पॅकेटमागे तेवढेच. फ्रेमच्या (तारेवर पॅकेट ज्या वेष्टनातून जातं ते) शेवटची ४ बाइटची तपासणी जुळली नाही की घेणारा पोर्ट तो मोजतो. दोष मात्र समोरच्या ऑप्टिकमध्ये (प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल), फायबरमध्ये, पॅच पॅनेलमध्ये (फायबरची टोकं जोडायची फळी), कुठेही असू शकतो. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यावर बोटाचा तेलकट डाग पुरेसा होतो. म्हणून आधी फायबरचं टोक पुसणारं क्लिनर पेन ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायचं, ऑप्टिक नंतर. (मी एकदा उलट केलं. तीन नवे ऑप्टिक घालून झाले, मग पॅनेलमागचं टोक पुसलं आणि काउंटर थांबला.)

एक गोम आहे. कट-थ्रू स्विच फ्रेम पूर्ण यायच्या आधीच पुढे ढकलायला लागतो, त्यामुळे खराब फ्रेमही पुढच्या स्विचवर पोचते आणि एरर तिथेही मोजला जातो. तो पोर्ट निर्दोष, केबलही निर्दोष. अशा वेळी एका एका स्विचने मागे जायचं. ज्या पोर्टवर एरर येतायत, पण त्याच्या समोरच्या स्विचच्या एकाही आवक पोर्टवर नाहीत, पेन घेऊन त्याच लिंकपाशी जा.