बंद कॉम्प्युटरला हाक कशी ऐकू येते?

पावसाळा लागला की आमच्या फोंड्यात एक गोष्ट हमखास कानावर येते : कुणाच्या तरी ऑफिसातला कॉम्प्युटर म्हणे रात्री आपोआप सुरू झाला. मग कोणीतरी अर्धं गमतीत, अर्धं मनापासून म्हणतं, "देवचार फिरला असणार." गावची राखण सोडून देवचाराला एक्सेलमध्ये कसला रस? बहुधा वीज जाऊन परत आलेली असते आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्याय चालू राहिलेला असतो. नाहीतर नेटवर्कवरून कुणीतरी त्याला उठवलेलं असतं. मला मोह पडतो तो या दुसऱ्या कारणाचा.

शट डाउन केलेल्या डेस्कटॉपच्या मागे, लॅन केबलपाशी, हिरवा दिवा पुष्कळदा लागलेला दिसतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन सुरूच ठेवतो आणि तिच्यावर नेटवर्क कार्ड जागं राहतं. (गडगडाट सुरू होण्याआधीच प्लगबरोबर लॅन केबलही काढावी.) वीज वाचवायला कार्ड बऱ्याचदा गिगाबिटवरून १० मेगाबिटच्या वेगावर उतरतं. प्रोसेसर, डिस्क, विंडोज सगळं झोपलेलं. मग आलेला निरोप वाचतो कोण?

कोणीच नाही. तो फक्त ओळखायचा असतो. एएमडी या चिप कंपनीने १९९५मध्ये मांडलेल्या ‘मॅजिक पॅकेट’मध्ये, म्हणजे उठवणाऱ्या निरोपात, आधी एफएफ हा बाइट (आठही बिट एक) सलग सहा वेळा येतो, मग त्या कार्डाचा सहा बाइटचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, १६ वेळा. झाले १०२ बाइट. पॅकेटात मागेपुढे काय आहे याच्याशी कार्डाला कर्तव्य नाही. काही साठवून ठेवायला नको. बाइट येईल तसा ताडून बघायचा, दोन-तीन छोटे काउंटर पुढे सरकवायचे, चुकला की मागे यायचं.

पण सहा एफएफ मोजून झाल्यावर सातवाही एफएफच आला तर? घाईत आखलेलं सर्किट ‘हा पत्ता नव्हे’ म्हणून शून्यावर जातं आणि मागोमाग आलेला खरा पत्ता हुकतो. वास्तविक शेवटचे सहा बाइट अजूनही एफएफच आहेत, तेव्हा जागचं हलायचंच नाही. हा पत्त्याचाच पहिला बाइट असेल, अशी शंकाही नको. एकट्या उपकरणाच्या मॅक पत्त्यात पहिल्या बाइटचा शेवटचा बिट शून्यच असतो आणि एफएफचे आठही बिट एक! गल्लत होणारच नाही. कमी विजेवरच्या छोट्या उपकरणांत हे काम केबलवरचे सिग्नल हाताळणारी ‘फाय’ चिपच उरकू शकते. ओळख पटली की ती एका पिनवर इशारा देते आणि बाकीचा बोर्ड सुरू होतो.

हाक मारणारा कोण, हे साधं मॅजिक पॅकेट विचारत नाही. त्याच नेटवर्कवरचा कोणीही उठवू शकतो. शिवाय ‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ या हाकेला झोपलेलं यंत्र सहसा उत्तर देत नाही, म्हणून पॅकेट सगळ्यांनाच उद्देशून पाठवतात आणि असं ब्रॉडकास्ट राउटर सहसा पलीकडे जाऊ देत नाही. तेव्हा ‘जगात कुठूनही पीसी सुरू करा’ म्हणणाऱ्या ॲपला तुमच्याच ऑफिसात चोवीस तास जागं असलेलं दुसरं काहीतरी लागतं, मग तो राउटर असो की एखादा छोटा बोर्ड. त्याची वीज जाहिरातीत धरलेली नसते.