शॉर्ट लाइन रेल्वे (मॉडेल रेल्वेतील)

शॉर्ट लाइन रेल्वे : मोठ्या कंपनीच्या जाळ्याला एका किंवा मोजक्या ठिकाणी जोडलेला, स्वतंत्र मालकीचा, मुख्यतः मालवाहतुकीचा छोटा अमेरिकी लोहमार्ग. मॉडेल रेल्वेच्या छंदात आज चालू असलेल्या अशा मार्गांची प्रतिकृती हा एक रुळलेला प्रकार आहे.

नावाचा उगम वादाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील कंपन्यांच्या नावांत ‘शॉर्ट लाइन’ म्हणजे ‘जवळचा मार्ग’. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या ऑरेगन शॉर्ट लाइनचा ग्रेंजर ते हंटिंग्टन हा मुख्य मार्गच पाचशे मैलांहून लांब होता. ‘लांबीने आखूड’ हा अर्थ १९१३ पर्यंत स्थिरावला असावा, कारण त्या वर्षी स्थापन झालेल्या छोट्या रेल्वेंच्या संघटनेने हेच नाव घेतले. दुसरा अर्थ पहिल्यातून निघाला असे मानण्यापेक्षा तो स्वतंत्रपणे रूढ झाला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काही संकलक ‘तृतीय वर्ग’ (अमेरिकी रेल्वेंच्या सरकारी वर्गीकरणातील सर्वांत लहान वर्ग) आणि ‘शॉर्ट लाइन’ एकच धरतात, परंतु १९११ पासूनचे हे वर्गीकरण वार्षिक उत्पन्नावर आहे, लांबीवर नाही. मराठी वाचकाला येथे बार्शी लाइट रेल्वे आठवेल. मात्र तिचे गेज ७६२ मिमी. असल्याने तिच्या वाघिणी मुख्य मार्गावर जाऊ शकत नसत. शॉर्ट लाइनचे गेज मोठ्या रेल्वेचेच, १,४३५ मिमी. असते आणि वाघिणींची अदलाबदल हाच तिचा प्राण.

‘आधुनिक’ कालखंड कोठून मोजावा याबद्दलही दोन मते दिसतात. कॉनरेल या दिवाळखोर रेल्वेंच्या जागी सरकारने उभ्या केलेल्या कंपनीने वगळलेल्या शाखांना सरकारी साहाय्य मिळू लागले ते १९७६ हे एक वर्ष, तर नियंत्रणे सैल करणारा स्टॅगर्स कायदा झाला ते १९८० हे दुसरे. मोठ्या कंपन्यांनी तोट्याच्या शाखा विकण्याची लाट दुसऱ्यानंतरची असल्याने तेच सोयीचे ठरते. १९८५-८६ मध्ये अशा विक्रीची मंजुरी सोपी झाली आणि लाटेला जोर आला. आर्कान्सा अँड मिझूरी ही रेल्वे १९८६ मध्ये याच ओघात जन्मली. तिची आल्को या इंजिन कंपनीची जुनी डिझेल इंजिने छंदिकांना विशेष प्रिय आहेत.

प्रतिकृतीकाराला सोयीची गोष्ट म्हणजे येथे फारशी काटछाट करावी लागत नाही. एचओ प्रमाणात (१:८७) चार आसांचे जीपी३८-२ इंजिन सु. २१ सेंमी. आणि पन्नास फुटी बंद वाघीण सु. २० सेंमी. भरते. शंभर वाघिणींची मालगाडी वीस मीटर मागते. एक इंजिन व चार वाघिणी मीटरभरात बसतात, आणि प्रत्यक्षातही गाडी अनेकदा एवढीच असते. चार आसांची इंजिने ४६ सेंमी. त्रिज्येचे वळण घेतात. मोठ्या कंपनीशी जोडणारा एक अदलाबदलीचा रूळ ठेवला की उरलेला देश मांडणीबाहेर राहिला तरी चालते : तेथे आलेली वाघीण कोठूनही आलेली असू शकते.

चुका बहुधा इंजिन गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेण्यासाठीच्या समांतर जोडरुळात होतात. त्याची लांबी सांध्याच्या (रूळ जेथे दोन वाटांना फुटतो त्या जागेच्या) टोकापासून टोकापर्यंत मोजली जाते. पण शेजारच्या गाडीला धक्का न लागण्याची जागा क्रमांक ४ च्या (चारास एक या प्रमाणात फाकणाऱ्या) सांध्यात टोकापासून सु. २० सेंमी. आत असते. दोन्ही बाजूंनी मिळून ४० सेंमी. जातात आणि चार वाघिणींचा म्हणून आखलेला रूळ दोनच घेतो. जोडरुळापुढच्या शेपटीत, म्हणजे बंद टोकाच्या रुळात, नुसते इंजिन मावून भागत नाही. तेथून सायडिंगचे शंटिंग करायचे असेल तर इंजिन व एक वाघीण, म्हणजे किमान ४५ सेंमी. लागतात.

वेगाचे गणित वेगळे आहे. ताशी १० मैल म्हणजे एचओमध्ये सेकंदाला सु. ५ सेंमी.; चार मीटरची मांडणी पार करायला ८० सेकंद. या गतीला रुळावरील जराशी घाणही इंजिन थांबवते, आणि प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) छोटे शंटिंग इंजिन हमखास अडते. फ्रॉगला वीज द्यावी, डिकोडरला (इंजिनातील डिजिटल नियंत्रण चकतीला) वीज साठवणारा कपॅसिटर जोडावा आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. वीस सेंमी. वाघिणीचे वजन सु. १४० ग्रॅ. असावे, हलकी वाघीण मागे ढकलताना सांध्यावर घसरते.

जुनाट मार्ग दाखवण्यासाठी रूळच वेडेवाकडे बसवणे ही नवशिक्याची चूक. गेज काटेकोर ठेवून गवत, मातीत बुडालेले स्लीपर आणि गंजाचा रंग यांनी तो परिणाम साधावा. मुख्य मार्गाच्या कोड ८३ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) ऐवजी कोड ७० किंवा ५५ चे बुटके रूळ शोभतात, पण जुन्या चाकांच्या खोल कडा त्यांच्या खिळ्यांवर आपटतात.

काळाचे भान वाघिणींतही हवे. १९७० च्या दशकात शॉर्ट लाइनांच्या नावाने रंगवलेल्या असंख्य बंद वाघिणी देशभर फिरल्या. जुलै १९७४ नंतर बांधलेल्या वाघिणीला अदलाबदलीत सर्वसाधारणपणे ५० वर्षांचीच मुभा असते, त्यामुळे आजच्या मांडणीत त्यांची संख्या कमीच ठेवावी. मार्गाच्या स्वतःच्या हद्दीबाहेर न जाणाऱ्या वाघिणीला ही अट लागू होत नाही. चाके काढून कोठार म्हणून ठेवलेली एखादी यार्डाच्या कडेला खुशाल दिसावी.