बोक्याचा मुतखडा आणि खडीसाखर

आमचा बोका तीन दिवस उठसूट मोरीत जाऊन बसत होता. शेपूट ताठ, अंग आखडलेलं, बराच वेळ तसाच. उठला की फरशीवर चार थेंब, त्यातला एखादा गुलाबी. आई म्हणाली, उन्हाळी लागली असेल. एक्सरेत मात्र मूत्राशयात साबुदाण्याएवढे दोन खडे दिसले. ऑपरेशनची मनाची तयारी करूनच गेलो होतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं ते खाणं.

खाऊन दगड कसा विरघळणार? याचं उत्तर खडीसाखरेत आहे. गरम पाण्यात मावेल तेवढी साखर घालून पाक केला, तो सावकाश निवू दिला आणि त्यात दोरा सोडला, की दोऱ्यावर स्फटिक धरतात. पाण्याला पेलवेनाशी झालेली साखर बाहेर पडते, एवढंच. तीच खडीसाखर साध्या पाण्यात टाकली की परत विरते. मांजराच्या मूत्राशयात साखरेच्या जागी मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट असतात. हे तिघे एकत्र येऊन जो खडा बनतो त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. नाव एका जर्मन खनिजप्रेमी मुत्सद्द्याचं. 1845 साली या खनिजाचं पहिलं वर्णन झालं ते हॅम्बुर्गमध्ये, आणि तेही मांजराच्या पोटातल्या नव्हे, जमिनीतल्या खनिजाचं.

म्हणजे खडा विरायला हवा तर लघवी साध्या पाण्यासारखी 'भुकेली' ठेवायची. ती पातळ हवी, तिच्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी हवेत, आणि ती आम्लधर्मी हवी. तिसरी अट सर्वांत कामाची. आम्लात फॉस्फेटला हायड्रोजन चिकटतो आणि मग ते या स्फटिकात बसेनासं होतं. लघवीचा सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) 6.5च्या खाली राहिला की खडा बाहेरून झिजू लागतो. पूर्वी सगळा दोष मॅग्नेशियमच्या माथी मारला जायचा. पण मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रूपात दिलं तर लघवी अल्कधर्मी होते आणि स्फटिक धरतात, क्लोराइडच्या रूपात दिलं तर लघवी आम्लधर्मी होते आणि ते धरत नाहीत.

उंदीर खाणाऱ्या मांजराला हे सगळं आयतंच मिळतं. मांसातल्या गंधकयुक्त अमिनो आम्लांमुळे लघवी आम्लधर्मी होते आणि उंदराच्या अंगात सुमारे 70 टक्के पाणीच असतं. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. शिकारीतल्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, ही त्यांची रीत. अशा प्राण्यापुढे आपण जेमतेम 10 टक्के पाणी असलेले कोरडे दाणे ठेवतो. दूध-पोळीही फारशी बरी नाही, कारण धान्याच्या खाण्याने लघवी अल्कधर्माकडे झुकते. खडे विरघळवणाऱ्या कोरड्या खाद्यात म्हणूनच मीठ थोडं जास्त असतं. तहान लागावी हा हेतू. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मांजराला, पिल्लाला आणि गाभण भाटीला ते मनाने देऊ नये.

पथ्य मात्र कडक. आठवडाभर आमचा बोका शेजारच्या काकूंकडे गुपचूप सुकट खाऊन येत होता. ते कळल्यावर त्याला घरातच कोंडला. बहुतेक स्ट्रुव्हाइट खडे दोन ते पाच आठवड्यांत विरतात, पण पोटात दुसरं काही जात नसेल तरच. कुत्र्यांत हा खडा बहुधा जंतुसंसर्गातून होतो, त्यामुळे तिथे अँटिबायोटिकही लागतं. मांजरात सहसा तो जंतूंशिवायच होतो.

मांजराचा प्रत्येक खडा असा विरघळत नाही. दुसरा नेहमीचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. अळूने घशाला खाज सुटते ती याच पदार्थाच्या सुयांमुळे. मूत्राशयात एकदा धरला की कोणत्याही खाण्याने तो हलत नाही, काढावाच लागतो. इथे एक गंमत आहे, थोडी कडवट. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बॉर्न यांनी सुरू केलेल्या केंद्रात मांजरांचे काढलेले खडे तपासले जातात. 1981 साली त्यांत 78 टक्के स्ट्रुव्हाइट होते आणि ऑक्झलेट अवघे 2 टक्के. पुढे आम्लधर्मी, कमी मॅग्नेशियमचं खाद्य सर्रास झालं आणि 2002पर्यंत ऑक्झलेट 55 टक्क्यांवर गेले. स्ट्रुव्हाइट विरघळून गेले की ते तपासणीला येतच नाहीत, हा त्या आकड्यांतला एक भाग. पण लघवी फार आम्लधर्मी ठेवली की कॅल्शियम जास्त उतरतं, हेही खरं. म्हणून आता खाद्यात दोन्हीकडचा तोल सांभाळतात.

घरगुती उपायांपैकी पानफुटी तर बिलकूल नको. माणसाच्या मुतखड्यावर ती सर्रास सांगतात, पण मांजराच्या हृदयाला ती विषारी आहे. आणि बोका कुंथतोय पण एक थेंबही येत नाही, तर पथ्याचा विचारही न करता रात्री-बेरात्री दवाखाना गाठायचा. बोक्याची मूत्रनलिका अगदी अरुंद असते. ती तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आमच्याकडे थेंब येत होते, हे नशीब.

पंधरा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढला. दोनातला एक खडा दिसेनासा झाला होता, दुसरा मोहरीएवढा उरला होता. पुढच्या एक्सरेत तोही नव्हता. आता त्याला ओलं खाणं असतं आणि घरात तीन ठिकाणी पाण्याचे वाडगे आहेत. पाणी तो बाथरूममधल्या बादलीतूनच पितो.