निषिद्ध नाती, ख्रिस्ती विवाहविचारातील

रक्ताच्या वा सोयरिकीच्या ज्या नात्यांत विवाह आणि शरीरसंबंध बायबलने वर्ज्य ठरविले, ती नाती. मुख्य आधार जुन्या करारातील ‘लेवीय’ या ग्रंथाचा, 18:6–18. शिक्षा त्याच ग्रंथाच्या 20व्या अध्यायात येतात. गोव्यातील कॅथलिक समाजात हा विचार लेवीयच्या पाठातून थेट कमी आणि चर्चच्या कायद्यातून अधिक आला, म्हणून दोन्ही याद्या तंतोतंत जुळत नाहीत.

लेवीयच्या यादीत आई, सावत्र आई, सख्खी व सावत्र बहीण, नात, आत्या, मावशी, काकू, सून, भावजय आणि पत्नी हयात असताना मेहुणी यांचा उल्लेख आहे. एक स्त्री व तिची मुलगी दोघींशी संबंधही वर्ज्य. चुलत, मामे, मावस, आते बहिणी यादीत नाहीत. भाची-पुतणीही नाहीत (मृत समुद्राजवळ सापडलेल्या दमास्कस दस्तऐवजाने, म्हणजे एका प्राचीन यहुदी पंथाच्या नियमग्रंथाने, आत्या-मावशीच्या नियमावरून त्यांनाही वर्ज्य मानले). आज्ञा पुरुषाला उद्देशून आहेत. एकत्र राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाचा जुना नियम या यादीमागे असावा, असे बायबलचे अभ्यासक कार्ल एलिगर यांनी 1955 मध्ये मांडले. ते पटण्याजोगे आहे, कारण यादीतील बहुतेक स्त्रिया एकाच घरच्या, घरातल्या पुरुषांच्या सत्तेखाली राहणाऱ्या आहेत. त्यांना घरातच निर्धास्त राहता यावे, हा या नियमाचा गाभा असावा.

स्वतःच्या मुलीचा स्पष्ट उल्लेख नाही, यावर बराच वाद झाला. नकलकाराच्या हातून एक ओळ गळाली, असे काहींचे मत. परंतु 18:6 मधील ‘जवळचे आप्त’ कोण, हे लेवीय 21:2 वरून कळते. तेथे आई-वडिलांबरोबर मुलगा-मुलगीही मोजली आहे. शिवाय 18:17 ने पत्नीची मुलगी वर्ज्यच केली. तेव्हा मुलगी नियमात गृहीत आहे, हे मत अधिक सबळ वाटते.

काळ निश्चित नाही. लेवीय 17–26 या भागाला अभ्यासक क्लोस्टरमान यांनी 1877 मध्ये ‘पावित्र्यसंहिता’ म्हटले. अनेक अभ्यासक तो इ.स.पू. सहाव्या शतकाच्या, यहुद्यांच्या बाबेलमधील बंदिवासाच्या, आसपास ठेवतात. जेकब मिलग्रोम त्याचा बराचसा भाग आठव्या शतकातला मानतात. नात्यांची मूळ यादी या चौकटीहून जुनी असणे संभवते. पूर्वजांच्या कथा मात्र या नियमांबाहेरच्या आहेत : सारा अब्राहामाची सावत्र बहीण (उत्पत्ति 20:12), याकोबाने लेआ व राहेल या बहिणींशी लग्न केले, अम्रामाने आत्या योखबेदशी (निर्गम 6:20). जुन्या करारातीलच ‘अनुवाद’ हा ग्रंथ (25:5–10) निपुत्रिक भावाच्या विधवेशी लग्न करण्यास सांगतो. नव्या करारात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने भावजयीशी लग्न केल्यावरून राजा हेरोदाला सुनावले (मार्क 6:18), आणि सावत्र आईशी राहणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्यास पौलाने सांगितले (1 करिंथ 5).

जुन्या कराराच्या कथा गोव्यात मराठी ओवीतून पोचल्या. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये प्रथम छापले गेले. विवाहनियमांची वाट वेगळी. 1215 च्या चौथ्या लॅटरन या धर्मपरिषदेने रक्तनात्यातील विवाहाची मनाई सातव्या पिढीवरून चौथीवर आणली होती. त्रेंत परिषदेने 1563 मध्ये धर्मगुरू व साक्षीदारांसमोरचा विवाहच वैध ठरविला. गोव्यातील पहिली प्रांतिक धर्मपरिषद 1567 ची. मामेबहिणीशी लग्न मराठी मुलखातील अनेक हिंदू जातींत रूढ असताना नवख्रिस्ती कुटुंबांना ते चर्चच्या सवलतीविना करता येईना. जातीतच सोयरीक जुळविण्याची रीत धर्मांतरानंतरही राहिली. लहान गावांत ही मर्यादा जाचक ठरणे साहजिक होते. पाद्रिन-माद्रिन (बाप्तिस्म्यातील धर्मपिता-धर्ममाता) व बाप्तिस्मा झालेले मूल यांतही विवाह वर्ज्य होता. तो अडथळा चर्चच्या कायद्याच्या 1983 च्या संहितेत उरला नाही.

1917 च्या संहितेने रक्तनात्याची मर्यादा तिसऱ्या पिढीवर आणली. 1983 च्या संहितेत ती सख्ख्या चुलत-मामे भावंडांपर्यंतच आहे. भावाबहिणीस सवलत कधीच मिळत नाही. सोयरिकीचा अडथळा आता सरळ रेषेपुरता, म्हणजे सासू, सून, सावत्र आई, सावत्र मुलगी यांचा. मृत पत्नीच्या बहिणीबाबत चर्चचा कायदा त्यामुळे लेवीय 18:18 च्या जवळ आला, तर भावाच्या विधवेबाबत तो लेवीयपेक्षा ‘अनुवाद’ ग्रंथाशी अधिक जुळतो.